फाउलची रेघ आणि १३४ चेंडू

दर वर्षी १ जूनच्या संध्याकाळी सेंट लुईसला राहणारा माझा मामेभाऊ मला तेच ते छायाचित्र पाठवतो. त्यात खेळाडू नाहीत, प्रेक्षक नाहीत, धावफलकही नाही. आहे ती फक्त बेसबॉलच्या मैदानावरची, तिसऱ्या बेसच्या मागची चुन्याची पांढरी रेघ आणि त्या रेघेवर एका जागी चुना उडाल्याची खूण. खाली तो एक शब्दही लिहीत नाही, कारण त्याचे म्हणणे मला पाठ आहे: चेंडू रेघेवर पडला होता, म्हणजे ती हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा वैध फटका) होती, आणि ती हिट होती म्हणजे तुमचा तो सामना ‘नो-हिटर’, म्हणजे एकही हिट न देता संपलेला सामना, नव्हताच. उत्तरादाखल मीही दर वर्षी फक्त एक आकडा पाठवतो: ८०२०.

हा वाद २०१२ सालच्या १ जूनचा आहे. त्या शुक्रवारी रात्री न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या सिटी फील्डवर मेट्स संघाच्या योहान सांताना या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध पूर्ण नऊ इनिंग्ज पिच केल्या, १३४ चेंडू टाकले, पाच बॅटरना वॉक दिले (चार ‘बॉल’ पडले की मिळणारा फुकटचा पहिला बेस), आठ जणांना स्ट्राइकआउट केले (तीन स्ट्राइकवर बाद) आणि अधिकृत नोंदीप्रमाणे एकही हिट दिली नाही. मेट्सच्या इतिहासातली ती पहिली नो-हिटर. संघ १९६२ साली जन्माला आला, आणि हा त्याचा ८०२० वा सामना होता. पन्नास वर्षे आणि आठ हजारांवर सामने एखादी गोष्ट घडत नाही, तेव्हा चाहत्यांच्या मनात ती नुसती गोष्ट राहत नाही, शाप होऊन बसते.

मी २००६ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत राहायला आलो, तेव्हा बेसबॉल मला ‘थांबून थांबून खेळले जाणारे काहीतरी’ एवढेच ठाऊक होते. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला हा खेळ शिकवला, आणि तोही स्कोअरकार्डापासून. पिचरला १, कॅचरला २, पहिल्या बेसवाल्याला ३ असे क्षेत्ररक्षकांचे आकडे, स्ट्राइकआउटला ‘के’, बॅटर बेसपर्यंत पोहोचला की चौकटीतल्या हिऱ्याच्या आकृतीची एक बाजू पेन्सिलीने ठळक करायची. हे सगळे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कागदी रुमालावर काढून दाखवले. पेन्सिलच वापरायची, पेन नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. शाळेत असताना पुण्यात रेडिओवरचे समालोचन ऐकत वहीत षटकागणिक धावा लिहिणाऱ्या मला हे काम परके वाटले नाही. ते गृहस्थ मेट्सचे जन्मापासूनचे, म्हणजे संघाच्या जन्मापासूनचे, चाहते. मी मेट्सचा झालो तो त्यांच्यामुळे, आणि त्याबद्दल त्यांनी पुढे कित्येकदा माझी मनापासून माफी मागितली.

शापाची कहाणी मला त्यांनीच सांगितली. ९ जुलै १९६९ रोजी शिकागो कब्जविरुद्ध टॉम सीव्हरने पहिले पंचवीस बॅटर ओळीने बाद केले. नवव्या इनिंगमध्ये एक बाद झाल्यावर जिमी क्वॉल्स नावाच्या नवख्या खेळाडूने हिट मारली आणि सगळे संपले. त्याच सीव्हरने १९७८ मध्ये नो-हिटर टाकली, पण तेव्हा तो सिनसिनाटी रेड्सकडे होता. नोलन रायनने कारकिर्दीत सात नो-हिटर टाकल्या. सातही मेट्सने त्याला सोडून दिल्यानंतरच्या. ड्वाइट गुडनने १९९६ मध्ये आणि डेव्हिड कोनने १९९९ मध्ये हा पराक्रम केला तो यँकीज या शहरातल्याच दुसऱ्या, श्रीमंत संघासाठी. कोनने तर एकही बॅटर बेसवर न पोहोचू देणारा ‘परफेक्ट गेम’ टाकला. माझे सहकारी ही यादी रामरक्षेसारखी म्हणून दाखवत असत.

आता सांतानाविषयी. व्हेनेझुएलाचा हा डावखुरा पिचर मिनेसोटा ट्विन्सकडे असताना २००४ आणि २००६ साली वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला होता. २००८ च्या सुरुवातीला मेट्सने त्याला आणले आणि सहा वर्षांसाठी साडेतेरा कोटींहून अधिक डॉलर मोजले. त्याचे मुख्य अस्त्र चेंजअप, म्हणजे हाताचा वेग तोच ठेवून सोडलेला पण दहाएक मैलांनी मंद येणारा चेंडू. बॅटर जोरात बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू त्यानंतर पोहोचतो. सप्टेंबर २०१० मध्ये त्याच्या डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. सांध्याभोवतीच्या आवरणाचा पुढचा भाग फाटला होता, आणि या दुखापतीतून पूर्वीसारखे परतलेले पिचर फारच थोडे. २०११ चा संपूर्ण हंगाम तो मेट्ससाठी एकही सामना खेळला नाही. २०१२ मध्ये परतला तेव्हा त्याच्या फास्टबॉलचा वेग ताशी ८८-८९ मैलांवर आला होता. मॅनेजर टेरी कॉलिन्स यांनी त्या दिवशी त्याच्यासाठी ११० ते ११५ चेंडूंची मर्यादा मनाशी धरलेली होती. तो त्याचा हंगामातला अकरावा सामना होता आणि आधीच्याच सामन्यात त्याने सॅन दिएगो पाद्रेजविरुद्ध एकही धाव न देता पूर्ण नऊ इनिंग्ज टाकल्या होत्या.

सहावी इनिंग. बॅटिंगला कार्लोस बेल्ट्रान आला. तो सात हंगाम मेट्सचा होता आणि २०११ च्या मध्यावर संघाने त्याला सोडल्यानंतर या मैदानावर प्रथमच पाहुणा म्हणून खेळत होता. त्याने मारलेला सणसणीत फटका तिसऱ्या बेसवरून गेला आणि बेसच्या मागे रेघेवर आपटला. बेसबॉलमध्ये फाउलची रेघ ही नावापुरतीच फाउलची. ती स्वतः खेळाच्या हद्दीत मोडते. क्रिकेटमध्ये पॉपिंग क्रीजवरच्या बॅटला ‘बाद’ ठरवणारी रेघ जशी यष्टिरक्षकाच्या बाजूने झुकते, तशी ही रेघ बॅटरच्या बाजूने झुकते. म्हणजे चुना उडाला असेल तर चेंडू ‘फेअर’, आणि तो चेंडू ‘फेअर’ तर बेल्ट्रानची हिट निश्चित होती. तिसऱ्या बेसवरचे अंपायर एड्रियन जॉन्सन यांनी हात वर करून फाउल दिला. कार्डिनल्सचे मॅनेजर माइक मॅथेनी वाद घालायला मैदानात आले आणि परत गेले. त्या काळी चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची सोय फक्त होमरनपुरती, म्हणजे कुंपणापलीकडे गेलेल्या फटक्यापुरती, होती. ती व्यापक झाली २०१४ पासून. बेल्ट्रान पुन्हा उभा राहिला आणि जमिनीलगत चेंडू मारून बाद झाला.

सातव्या इनिंगमध्ये यादियर मोलिनाने डाव्या कोपऱ्यात उंच, खोल चेंडू मारला. लेफ्ट फील्डर माइक बॅक्स्टर मागे धावत गेला, चेंडू हातमोज्यात घेतला आणि त्याच वेगात भिंतीवर आदळला. चेंडू सुटला नाही. बॅक्स्टर जमिनीवरून उठला तो मैदानाबाहेर जाण्यासाठीच, आणि पुढचे जवळजवळ दोन महिने तो खेळू शकला नाही. तो क्वीन्सचाच पोरगा, याच संघाचे सामने पाहत वाढलेला. अधिकृत नोंदीत त्याच्या त्या झेलाची जागा किती? स्कोअरकार्डावर ‘एफ ७’: लेफ्ट फील्डरने घेतलेला झेल. सरळ हातात आलेल्या झेलालाही तेच चिन्ह आहे.

आठव्या इनिंगमध्ये ११५ चा आकडा मागे पडला. धावफलक ८-० होता. सामना हरण्याचा प्रश्नच नव्हता. कोणत्याही इतर रात्री कॉलिन्स यांनी शांतपणे बुलपेनमधून रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, बोलावला असता, सांतानाला आठवडाभर विश्रांती मिळाली असती आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नसता. त्या रात्री ते डगआउटमध्ये चेहरा धरून बसून होते आणि कॅमेरा वारंवार त्यांच्यावर जात होता. नवव्या इनिंगमध्ये पहिले दोन बॅटर हवेत झेल देऊन गेले. तिसरा डेव्हिड फ्रीस, म्हणजे आदल्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. तीन बॉल, दोन स्ट्राइक अशा मोजणीवर सांतानाने चेंजअप टाकला. फ्रीसने बॅट फिरवली, चेंडू कॅचर जॉश थोलच्या हातमोज्यात गेला. सामन्यानंतर कॉलिन्स आनंदापेक्षा काळजीनेच अधिक बोलले. पाच दिवसांनी याचा खांदा दुखू लागला तर मला बरे वाटणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. मेट्सने त्याला दोन दिवस जास्तीची विश्रांती दिली. तरी ८ जूनला यँकीजनी त्याला चार होमरन मारले. जुलैच्या सुरुवातीला पहिल्या बेसवर धावून जाताना कब्जच्या एका खेळाडूचा पाय त्याच्या घोट्यावर पडला. नो-हिटरच्या रात्री त्याचा अर्न्ड रन ॲव्हरेज, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी, २.३८ होता, हंगाम संपताना तो ४.८५ झाला. त्या रात्रीनंतर तो आणखी दहाच सामने खेळला, आणि १७ ऑगस्ट २०१२ नंतर मेजर लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही. २०१३ च्या वसंतात तोच खांदा पुन्हा फाटला. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर त्याचे नाव आले तेव्हा त्याला अडीच टक्क्यांहूनही कमी मते पडली आणि पाच टक्क्यांच्या अटीमुळे ते नाव पहिल्याच वर्षी गळाले.

इथे आमच्या ऑफिसात दोन तट पडले होते. एक म्हणत असे, कॉलिन्स यांनी एका रात्रीच्या टाळ्यांसाठी एका मोठ्या पिचरची कारकीर्द संपवली. दुसरा म्हणत असे, खांदा आधीच गेलेला होता, घोट्याचीही दुखापत झाली होती, आणि वीसएक चेंडू कमी टाकल्याने तो वाचला असता हे कोणी सिद्ध करून दाखवलेले नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, आणि वैद्यकीय प्रश्न म्हणून पाहिले तर दुसरी बाजू मला अधिक सावध वाटते. परंतु या वादात ज्याकडे फारसे कोणी बघत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. सांतानाला नवव्या इनिंगपर्यंत मैदानात ठेवले ते संघाच्या गरजेने नाही, प्रतिस्पर्ध्याच्या भीतीने नाही. ठेवले ते नोंदवहीतल्या एका व्याख्येने.

ती व्याख्या तशी फार जुनी नाही. ४ सप्टेंबर १९९१ रोजी कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवले की जो सामना किमान नऊ इनिंग्जचा आहे आणि जो एकही हिट न देता संपला आहे, त्यालाच नो-हिटर म्हणावे. या एका वाक्याने जुन्या यादीतले पन्नास सामने बाहेर पडले. हार्वी हॅडिक्सने २६ मे १९५९ रोजी मिल्वॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध बारा इनिंग्ज, म्हणजे ओळीने छत्तीस बॅटर, बाद केले होते. तेराव्या इनिंगमध्ये तो सामना हरला, आणि १९९१ नंतर बेसबॉलच्या इतिहासातली बहुधा सर्वांत लांबलचक निर्दोष पिचिंग ‘परफेक्ट’ तर नाहीच, साधी नो-हिटरही उरली नाही. यँकीजच्या अँडी हॉकिन्सने १ जुलै १९९० रोजी शिकागोत व्हाइट सॉक्सना एकही हिट दिली नाही, तरी सहकाऱ्यांच्या चुकांमुळे तो ०-४ असा हरला. यजमान संघ पुढे असल्याने त्याला नववी इनिंग टाकायचीच नव्हती, म्हणून त्याच्या खात्यावर आठ इनिंग्ज लागल्या आणि वर्षभराने त्याचेही नाव पुसले गेले. जिंकण्याचा दिलासा आधीच गेलेला होता, हरण्यातला मानही गेला. २०२१ मध्ये करोनाकाळच्या नियमानुसार डबलहेडरचे, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ होणारे दोन, सामने सात इनिंग्जचे होते. त्यातल्या एका सामन्यात मॅडिसन बमगार्नरने साती इनिंग्ज हिटविना टाकल्या, तरी नोंद शून्य. सामना किती इनिंग्जचा ठेवायचा हे लीगने ठरवायचे आणि तो पुरेसा लांब नव्हता म्हणून पिचरला दोष द्यायचा, हा न्याय माझ्या गळी अजून उतरलेला नाही.

असे असूनही समितीचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. कुठेतरी रेघ आखावी लागते. फक्त ती एकदा आखली की ती नुसती मोजत बसत नाही, खेळाडूंना ओढू लागते, हे मान्य केले पाहिजे. पिचरला ‘विजय’ मिळण्याचा नियम पाहा: सलामीच्या पिचरने किमान पाच इनिंग्ज पूर्ण केल्या पाहिजेत. म्हणून चार इनिंग्ज आणि दोन बाद अशा अवस्थेत दमलेल्या पिचरला शेवटच्या एका बॅटरसाठी ठेवायचे की नाही, यावर मॅनेजर घाम गाळतात. ‘सेव्ह’चा नियम १९६९ पासून अधिकृत आहे, शिकागोचे पत्रकार जेरोम होल्टझमन यांनी त्याची कल्पना मांडली होती. तीन धावांपर्यंतची आघाडी घेऊन शेवटची इनिंग सांभाळली तर सेव्ह, आणि शेवटच्या तीन इनिंग्ज सांभाळल्या तर आघाडी कितीही असो, तरी सेव्ह. या दुसऱ्या कलमाचे पोट किती मोठे आहे ते २२ ऑगस्ट २००७ रोजी कळले: टेक्सास रेंजर्सनी बॉल्टिमोर ओरिओल्सना ३०-३ असे हरवले आणि वेस लिटलटनच्या नावावर सेव्ह लागली. सत्तावीस धावांनी जिंकलेला सामना त्याने ‘वाचवला’! उलट आमच्या जेकब डीग्रोमने २०१८ मध्ये १.७० इतका अप्रतिम ॲव्हरेज ठेवूनही त्याचा विजय-पराजयाचा हिशेब १०-९ होता, कारण मेट्सच्या बॅटरनी त्याच्या सामन्यांत धावा करायच्याच नाहीत असे जणू ठरवले होते. साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि मतदार आता त्या दोन आकड्यांच्या पलीकडे पाहतात एवढे समाधान.

नोंदवही माणूस लिहितो हेही मेट्सच्या चाहत्यांना त्याच महिन्यात नीट कळले. १३ जून २०१२ रोजी, म्हणजे सांतानाच्या रात्रीनंतर बाराच दिवसांनी, आर. ए. डिकी हा नकलबॉल टाकणारा पिचर फ्लॉरिडात टँपा बे रेजविरुद्ध खेळला आणि त्याने संपूर्ण सामन्यात एकच हिट दिली. ती पहिल्याच इनिंगमधली. बी. जे. अप्टनने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड राइटकडे आला, राइटने हातमोजा न वापरता उघड्या हाताने तो उचलण्याचा प्रयत्न केला, चेंडू हाती बसला नाही आणि अप्टन पहिल्या बेसवर पोहोचला. ऑफिशियल स्कोअररने हिट दिली. हा स्कोअरर लीगने नेमलेला असतो, पत्रकार कक्षात बसतो, आणि क्षेत्ररक्षकाने ‘साधारण प्रयत्नाने’ बॅटरला बाद केले असते की नाही हे त्याने ठरवायचे असते. केले असते असे वाटले तर एरर, नाही तर हिट. पहिल्या इनिंगमध्ये कोणालाच या निर्णयाचे काही वाटले नाही. नवव्या इनिंगनंतर मात्र सगळ्यांना त्याचे फार वाटू लागले.

मेट्सने लीगकडे रीतसर दाद मागितली: हिट बदलून एरर करा. तसे झाले असते तर संघाच्या खात्यावर पन्नास वर्षांत शून्य आणि पंधरवड्यात दोन नो-हिटर जमा झाल्या असत्या. लीगने मागणी फेटाळली. मी तेव्हा संघाच्या बाजूने तावातावाने बोललो होतो, ‘राइटसारख्या तिसऱ्या बेसवाल्याने तो चेंडू घ्यायलाच हवा होता’ असे म्हणालो होतो, आणि माझ्या त्या सहकाऱ्यांनी मला एका प्रश्नात गप्प केले. ते म्हणाले, तो चेंडू एखाद्या साध्या पराभवातल्या सातव्या इनिंगमध्ये आला असता, तर तुम्ही आपल्या स्कोअरकार्डावर काय लिहिले असते? मी हिट लिहिली असती. उघड्या हाताने पकडायला धावावे लागते तो प्रयत्न साधारण नसतोच. त्यांचे आणखी एक निरीक्षण असे की सामन्यातली पहिली हिट ही निर्विवाद असावी असा एक अलिखित संकेत स्कोअरर लोक पाळतात, आणि हा संकेत सामना पुढे सरकतो तसा बळावत जातो. म्हणजे एकच फटका पहिल्या इनिंगमध्ये हिट आणि आठव्या इनिंगमध्ये एरर असू शकतो. डिकीचे दुर्दैव एवढेच की त्याचा चेंडू फार लवकर आला. त्या वर्षी त्याने वीस विजय आणि साय यंग पुरस्कार मिळवला, त्यामुळे त्याच्यासाठी फार हळहळायचे कारण नाही.

माझा मामेभाऊ या प्रकरणाचा उपयोग माझ्याविरुद्ध करतो. एका खऱ्या हिटची एरर व्हावी म्हणून अर्ज करता, आणि दुसऱ्या खऱ्या हिटचा फाउल झाला त्यावर मात्र मौन, असे त्याचे म्हणणे. त्यावर मी त्याला आर्मांडो गॅलाराग्गाचे उदाहरण देतो. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने सव्वीस बॅटर ओळीने बाद केले, सत्ताविसावा पहिल्या बेसवर स्पष्ट बाद असताना अंपायर जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरवले, आणि नंतर चित्रफीत पाहून स्वतःची चूक डोळ्यांत पाणी आणून कबूल केली. कमिशनर बड सीलिग यांनी तरीही निर्णय फिरवला नाही. अंपायरची चूक गॅलाराग्गाच्या नशिबी कायम राहिली, तर सांतानाच्या नशिबीही राहू द्या, असा माझा युक्तिवाद. तो वकिली आहे हे मला ठाऊक आहे. भावालाही ठाऊक आहे.

अशा वादांची सवय आपल्या मराठी घरांत मुळीच कमी नाही. मार्च २००४ मध्ये मुलतानला सचिन १९४ वर नाबाद असताना द्रविडने डाव घोषित केला, त्यावर आमच्या घरी किती जेवणे थंड झाली याची गणती नाही. पण मला नोंदवहीच्या संदर्भात आठवतात ते भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून ते ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमापासून नऊ धावा दूर. प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांना थांबवणाऱ्याचे कारण होते नोंद आपल्यावर लागू नये. सांतानाला चालू ठेवणाऱ्याचे कारण होते नोंद आपल्याला मिळावी. दोन्हीकडे चेंडू आणि बॅट यांचा त्या निर्णयाशी संबंध उरलेला नव्हता.

कॉलिन्स यांच्या उलट निर्णय कसा दिसतो तेही आम्ही पाहिले. १३ एप्रिल २०२२ रोजी मिनियापोलिसमध्ये, कडाक्याच्या थंडीत, डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉने सात इनिंग्जमध्ये एकवीस बॅटर ओळीने बाद केले, तेरांना स्ट्राइकआउट केले, आणि हे सगळे केवळ ८० चेंडूंत. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला काढले. संघमालकांनी केलेल्या लॉकआउटमुळे हंगामपूर्व सराव आखूड झाला होता, आदल्या वर्षी कर्शॉचा हात दुखावलेला होता, आणि खुद्द कर्शॉने निर्णयाला पाठिंबा दिला. पुढच्या इनिंगमध्ये रिलीव्हरला हिट बसली. डॉजर्स ७-० असे जिंकले. याच रॉबर्ट्सनी २०१६ मध्ये रिच हिललाही बोटावरच्या फोडांमुळे सात परफेक्ट इनिंग्जनंतर काढले होते, त्यामुळे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांकडे मजकूर तयारच होता. मला रॉबर्ट्सचा निर्णय पटला. पटला, पण तो सामना मी पुन्हा एकदाही पाहिलेला नाही, आणि सांतानाची नववी इनिंग मी किती वेळा पाहिली हे मला सांगवत नाही.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला मेट्सच्या इतिहासातली दुसरी नो-हिटर आली. फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध टायलर मेगिलने पाच इनिंग्ज टाकल्या, मग ड्रू स्मिथ, होएली रॉड्रिगेझ, सेथ लुगो आणि शेवटी एडविन डियाझ. पाच पिचर, मिळून १५९ चेंडू, ३-० असा विजय. व्याख्येत बसणारा सामना, सर्व कागद चोख, रेघेवर पडलेला एकही संशयास्पद चेंडू नाही, कोणाचाही खांदा पणाला लावलेला नाही. निवृत्त होऊन फ्लॉरिडाला गेलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी लगेच फोन केला. ते झोपले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मेगिल पाचव्या इनिंगनंतर गेला तेव्हा मी टीव्ही बंद केला, मला वाटले आता बघण्यासारखे काही नाही.

यंदाच्या १ जूनला मामेभावाचे छायाचित्र आले तेव्हा मी ८०२० पाठवले नाही. कपाटातून त्या रात्रीचे माझे स्कोअरकार्ड काढले. टीव्हीसमोर बसून भरलेले, कागद पिवळा पडलेला. कार्डिनल्सच्या बाजूला, सहाव्या इनिंगमध्ये, बेल्ट्रानच्या चौकटीत शेवटी जमिनीलगत बाद झाल्याची खूण आहे. पण कागद दिव्यासमोर धरला की त्या खुणेच्या खाली हिऱ्याची उजवी बाजू ठळक केलेली अस्पष्ट दिसते: चेंडू रेघेवर आपटलेला पाहताच हाताने आपसूक ओढलेली आणि अंपायरचे हात वर गेल्यावर रबराने घाईघाईने खोडलेली. त्या चौकटीचे छायाचित्र काढून मी त्याला पाठवले.

दोन मिनिटांत त्याचा फोन आला. “दादा, म्हणजे तूसुद्धा हिट लिहिली होतीस?”

“खोडलीय ती,” मी म्हणालो.